किरकोळ

साखळी क्रमांक चौदा-तीनशेवीसला
रस्ता ओढ्यावरून जातो.
नकाशात ओढ्याला नाव नाही,
नुसती निळी तुटक रेघ.
हिरू हिलम म्हणाला, हा खुबीचा ओहळ,
आणि इथं पिसोरी पाणी पिते.

मी विचारलं, कुणाची?
कुणाचीच न्हाई.

त्यानं खिशातून हरभऱ्याची डाळ काढली,
चिखलावर दोन दाणे शेजारी शेजारी ठेवले,
टोकं पुढं,
आणि अलगद दाबून उचलून घेतले.
उरलं ते तिचं पाऊल.

एवढंसं हरीण?
हरीण न्हाई ताई, त्याच्याहून जुनं.
शिंगं न्हाईत. भ्याली
की मागच्या पायानं भुई वाजवते,
टिचकी मारावी तशी.
तुमच्या पोकलेनात ऐकू यायचं न्हाई.

त्या रात्री पौडच्या खोलीवर
मी एस्टिमेट पुन्हा वाचलं.
खडी होती, डांबर होतं,
नऊशे मिलिमीटरचे दोन पाइप होते,
कोनशिलेचीसुद्धा तरतूद होती.
पाइप पावसात तोंडोतोंड भरतो.
मग तिनं जायचं कुठून?
वरून.
वरून म्हणजे दहा मीटर डांबर
आणि शनिवारी रात्री पुण्याहून सुटलेल्या गाड्या,
ज्यांतल्या एकीत कधीतरी मीही होते,
काच खाली, गाणं मोठं.

गुंजाळ म्हणाले, मॅडम, उंदराएवढ्या जनावरासाठी?
मी म्हटलं, सशाएवढ्या.
बरं, सशाएवढ्या. पण बिल कुठल्या हेडखाली?

सहाला मशिनं बंद व्हायला लागली,
त्यात डिझेल वाचतं असं मी त्यांना पटवलं म्हणून.
रात्री उघड्या राहणाऱ्या चरात एक फळी तिरकी सोडली,
पडलंच कुणी तर चढून येईल.
(पहिल्या आठवड्यात चढून आला
तो वॉचमन शेडग्यांचा कोंबडा.)
ओढ्यात माती उतरू नये म्हणून गोणपाटं बांधली,
तीनदा वाहून गेली.
चौथ्यांदा चांगुणानं निरगुडीच्या काटक्या विणून
आडवा कूड बसवला, तो टिकला.
अर्ध्या दिवसाचं काम.
हजेरी मी पूर्ण दिवसाची लावली.

पाइपांऐवजी चौकोनी मोरी मिळाली ती भांडून नाही,
पाइप वेळेवर आले नाहीत म्हणून.
मोरीच्या आत, डाव्या भिंतीला,
मी एक कट्टा काढून घेतला,
नऊ इंच रुंद,
भर श्रावणातल्या पाण्याच्या वीतभर वर,
खरखरीत ठेवलेला, खुरं घसरू नयेत म्हणून.
गवंडी दोनदा तो घोटायला गेला.
हाताची सवय.
दोनदा मी त्याच्या हातून थापी काढून घेतली.
फोनवर आईला सांगितलं तर म्हणाली,
आपल्या मोरीतही होता की गं कट्टा,
तांब्या ठेवायला.

मोजमाप पुस्तकात असल्या कामाला शीर्षक नसतं.
लांबी सात-पन्नास, रुंदी शून्य-तेवीस,
आणि कामाच्या प्रकारापुढे मी लिहिलं,
किरकोळ.
लिहिताना वाईट वाटलं.
मग वाटलं, या शब्दाआड
पिसोरी चांगली लपेल.

आता रोज संध्याकाळी शेडगे कट्ट्यावर
चुलीतली राख चाळून पसरतात
आणि सकाळी फोनवर मला वाचून दाखवतात.
खेकडा.
घूस. पुन्हा घूस.
मुंगूस असावं, नक्की नाही.
बेडूक, बराच वेळ बसून गेलेला.
काल म्हणाले, काही नाही मॅडम,
राख जशीच्या तशी.
नुसती एका जागी
कुणी टिचकी मारल्यासारखी
उडालीय.

एकाच जागी? मी विचारलं.
पण रेंज गेली होती.