सातवी बुधली

उणे एकोणीस. सौनाच्या शेजारची खोली.
पूर्वी इथे सरपण असायचं, आता लेथ आहे,
गिरणी मिटली तेव्हा भंगाराच्या भावानं घेतलेला,
ताम्पेरेहून ट्रॅक्टरवर आणलेला, ताडपत्रीत गुंडाळून,
आजारी घोड्यासारखा.

सुरू करण्याआधी त्याच्यावर हात ठेवते.
लोखंड एवढं गार की कातडी चिकटते क्षणभर.
मग पट्टा थरथरतो,
पितळी नळीवरून पिवळी सुरळी निघते,
लांबच लांब, सफरचंदाच्या सालीसारखी.
ती तुटू नये म्हणून मी श्वास धरते. का, ते विचारू नका.

बुधली म्हणजे असं काय मोठं?
मुठीत मावेल एवढं पोट,
निमुळती चोच, टोकाला सुईएवढं भोक
आणि बुडाला पातळ चकती, किंचित फुगलेली.
अंगठ्यानं दाबली की आत: टक्.
सोडली की बाहेर: टुक्.
दोन्हींच्या मध्ये एक थेंब.

पहिलीची चकती मी चांदीच्या डाखानं झाळली.
ज्योत मोठी, पितळ लालबुंद,
सांधा असा की दृष्ट काढावी.
गार झाल्यावर दाबली.
आत गेली, आतच राहिली.
पितळ फार तापलं की ताण विसरतं.
हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.
पितळेबद्दल म्हणतेय मी.

दुसरी कथलावर, मंद आचेनं. जमली.
तिसरी चोचीपाशी गळली.
चौथीला शिव्या दिल्या.
पाचवी ल्यूली घेऊन गेली, शिवणयंत्रासाठी.
सहावी माझी.

गिरणीत दोनशे चाळीस माग आणि मी तेलवाली.
गोंगाट असा की ओठ वाचून बोलायचो,
विनोद डोळ्यांनी ऐकायचो.
कान तिथेच राहिले, परत मागायला कुठे जाणार?
पण अंगठ्याला ऐकू यायचं:
या मागाला दोन थेंब, त्याला एक,
कोपऱ्यातल्या एक्केचाळीसला तीन,
कारण तो थरथरला की हेल्वीचे धागे तुटायचे
आणि धाग्यामागे तिचे पैसे.
मुकादमाचा तेलाचा हिशेब कधीच जुळला नाही.

शेजारचा ओइवा, वय वर्षं अकरा,
मोबाइलवर टाइप करून दाखवतो:
दुकानात तीन युरोला मिळते.
मी त्याचा अंगठा धरला, चकतीवर ठेवला.
त्यानं दाबलं. थांबला. पुन्हा दाबलं.
पुढचा अर्धा तास
कडी, बिजागरी, त्याची बाही, माझं कॅलेंडर,
सगळं तेलकट.
युरोचा विषय निघाला नाही.

सातवी हेल्वीची.
तिच्याकडे आता माग नाही, सुई नाही,
आश्रमातली चाकांची खुर्ची आहे,
आणि डावं चाक, नर्स म्हणतात, फार कुरकुरतं.
मला ऐकू येत नाही. तिलाही नाही.
तरी तीन थेंब.

सोमवारी दहा वीसची बस.
चोचीचं टोपण अजून व्हायचंय,
तोवर कापूस लावते,
आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवते,
थंडीनं तेल घट्ट होतं.