दोनशे बैसा

हमरियाच्या तिसऱ्या गल्लीत, शिंप्याशेजारी,
पाटीवर लिहिलंय अल-नूर फूडस्टफ.
गल्लीतले सगळे त्याला मेघना म्हणतात.
सात वर्षं कांदे, मोहरीचं तेल, फोनची कार्डं
मी तिथूनच उधारीवर नेली.

एप्रिलची चौदा, सोमवार.
दिवसभर लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर
लोकांची नावं डकवून संध्याकाळी आले,
तर दारात सुजन उकिडवा बसलेला,
तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बोट बुडवून
फरशीवर वेल काढत होता.
मी वाकून पाहिलं. ठिपके नाहीत.
ठिपक्यांशिवाय सरळ कशी येते रे?
सरळ कशाला यायला हवी, म्हणाला.

फ्रीजरवर घुबड.
टोमॅटोच्या खोक्याचं, डोळ्यांच्या जागी
लबनच्या बाटल्यांची निळी झाकणं.
ढाक्यात असली घुबडं रस्त्यानं मिरवतात,
वाघ, हत्ती, माणसाहून उंच.
इथला रस्ता त्यांचा नाही,
म्हणून ते गोठलेल्या वाटाण्यांवर बसून
येणाऱ्याजाणाऱ्याकडे टक लावून होतं.

शुभो नोबोबोर्षो, ताई.
आमचा पाडवा पंधरा दिवसांपूर्वीच झाला,
मी म्हटलं, रात्रपाळीत.
आमचं शक एकोणीसशे सत्तेचाळीस,
यांचं साल चौदाशे बत्तीस,
पगाराची तारीख मात्र दोघांची इंग्रजी,
आणि तीही पुढे सरकणारी.

मागच्या खोलीतून परात आली:
रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, भाजलेली मिरची,
चिरलेला कांदा, आणि बर्फातून आलेला ईलिश.
मासा एक, माणसं बावीस.
एकानं तर कंपनीच्या चमकत्या जाकिटाआड
इस्त्रीचा पांढरा पंजाबी घातला होता.
आमच्याकडे याला पालवा म्हणतात, मी सांगितलं.
पालवा, पालवा,
त्यांनी शब्द तोंडात घोळवून पाहिला,
काटा शोधावा तसा.

मग तोफज्जलभाईंनी खारव्याची कोरी वही उघडली.
कुडाळला काकांच्या दुकानात
असली वही दिवाळीला निघायची,
पहिल्या पानावर मधोमध श्री.
यांनी लिहिलं, एलाही भरसा.
अक्षर काकांसारखंच, उजवीकडे कललेलं,
पुढच्या ओळीच्या घाईत असल्यासारखं.

एकेक जण येई, जुन्या वहीतलं आपलं पान शोधी,
नोटा मोजी, जिलबी उचली,
कॅलेंडरची गुंडाळी घेऊन बाजूला होई.
पान आडवं कापलं जाई, तांबड्या रेघेनं.
एक पान कुणीच मागितलं नाही.
रतन बारुई, सदतीस रियाल.
दुकमला गेला, मग फोन लागेना,
मग नंबर दुसऱ्याच कुणाचा झाला.
भाईंनी ते नाव नव्या वहीत उतरवून घेतलं,
सदतीस रियालांसकट.
तिसरं वर्ष, सुजन माझ्या कानात म्हणाला.

माझा व्हिसा महिनाअखेरीस संपतोय.
सामानाची खोकी बांधून झाली, गादी नेपाळी मुलीला दिली,
वीजबिल भरलं, लायब्ररीचं पुस्तक परत केलं.
राहिलं होतं एवढंच: अकरा रियाल सातशे बैसा.
मी बारा ठेवले.
तीनशेच्या जागी पाचशे परत आले.

भाई, चुकलात.
ते चष्मा पुसत राहिले.
काच स्वच्छच होती.
मग नव्या वहीचं एक पान उलटून
वर माझं नाव घातलं, त्यांच्या लिपीत.
मला वाचता येईना, पण तिरकी मात्रा ओळखीची वाटली.
खाली आकडा: दोनशे.
राहू द्या, म्हणाले. पुढच्या बैशाखला द्या.

पुढच्या वैशाखात मी कुठे असणार,
हे त्यांना ठाऊक होतं. मलाही.
जिलबी हातात चिकटत होती.
येते, म्हटलं.
आमच्यात जाते म्हणत नाहीत,
हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

दारातला वेल वाळून पांढरा झाला होता.
पाय न लागू देता ओलांडला.
रस्त्यावर आईचा फोन:
सगळ्यांचं देऊन झालं ना?
कुणाचं काही ठेवलं नाहीस ना मागे?
कॅलेंडर काखेत धरून मी म्हटलं,
नाही गं.