उगवण चाचणी

ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळी करून रबर लावायचा,
सातव्या दिवशी उघडून मोजायचे.
अकरा वर्षं मी जालन्यात हेच करते आहे.
मोजण्यात एकदाच चूक निघाली.
ती वायाळ सरांनी काढली होती,
आणि ती खरी होती.

म्हणून सांगते. लॉट चारशे बारा, मका,
उगवण अठ्ठावन्न.
त्यांच्या कृषी खात्याच्या दाखल्यावर ब्याण्णव.
दाखला तीन तारखेचा,
आणि आमचं सॅम्पल कुरिअरच्या मोबीननं
नऊ तारखेला नेलं, ऊन कलल्यावर.
पावतीवर माझीच सही आहे.

त्याआधी एक व्हाउचर. सल्लागार शुल्क.
सल्ला कसला, ते कुठेच नाही.
सल्लागाराचं आडनाव आणि दाखल्यावरच्या साहेबाचं
एकच.
तिकडे ते आपल्या जाधवांसारखं
घरोघरी असेलही. मला माहीत नाही.

वायाळ सर वाईट नाहीत.
माझ्या बाळंतपणात रजा त्यांनीच वाढवून दिली.
म्हणाले, "प्रयाग, वजन ठेवलं नाही तर कागद उडतो,
तहसिलात तू बघितलंच की.
तिकडं तर समुद्राचा वारा हाय."
मी हसले.
ते हसू अजून घशाशी येतं.

अंबड चौफुलीचे वकील म्हणाले,
आपल्या साहेबाला दिलं तर कलम तोंडपाठ आहे,
परक्यांच्या साहेबाला दिलं तर...
बघून सांगतो.
दोन आठवडे झाले, ते बघताहेत.

तोवर कुठल्याशा उतारावर
एक बाई वाकून मका टोकत असेल.
शंभरातले बेचाळीस खड्डे
ती पुन्हा पुन्हा उकरून बघेल,
आणि तिला वाटेल, आपलाच हात खोल गेला.

बियाण्याला पैसा पुरवणाऱ्या बँकेचा
तक्रारीचा फॉर्म मिळाला.
तुम्हाला हे कसं कळलं?
लिहिलं : मोजून.
तुमची खात्री आहे का?
इथे रात्र गेली.
एमआयडीसीतल्या भट्टीचा उजेड
छतावर लाल हलत होता.
मग लिहिलं : खात्री नाही. संशय आहे.
तारखा सोबत जोडल्या आहेत.

नाव, दिलं नाही तरी चालेल.
चालेल, पण लेबल नसलेल्या पिशवीतलं
मी आजवर काहीच पास केलेलं नाही.
प्रयाग दत्तू हिवाळे, लिहिलं,
आणि खाली मोबाइल नंबर,
नवऱ्याचा नव्हे, माझा.

आज नववा दिवस. उत्तर नाही.
सकाळी सरांनी ड्रॉवरची किल्ली मागितली.
दिली.
हात धुतले, लॉट चारशे सत्तावीस उघडला, तूर.
त्रेसष्ट, चौसष्ट...
सर दारात येऊन उभे आहेत,
काही बोलत नाहीत.
पासष्ट.