एक अंश जास्त

डिसेंबरात नागपूर आठ अंशांवर उतरतं
तेव्हा माझ्या ताब्यात असतं
पावणेचार लाख लिटर पाणी,
अठ्ठावीसवर.

आधी बॉयलर रात्रभर धापा टाकायचा.
पत्र्यावरून थेंब पडायचे
पोहणाऱ्या पोरांच्या पाठीवर, थंडगार,
आणि मीटर असा पळायचा
जसं त्यालाच मेडल पाहिजे.

मग लांजेवार मॅडम आल्या
ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर घेऊन.
खांबावरचा गंज नखानं खरवडला.
"सोनटक्के, मे महिन्यात घरी काय लावता?"
"कूलर."
"गार का होतं त्यानं?"
मी गप्प.
तीस उन्हाळे पाईप धरून टाकी भरली,
खस बदलली, पंप ठोकून चालू केला,
हे कधी विचारलंच नव्हतं.
"पाणी उडतं. उडताना ऊब घेऊन जातं.
तुमचा हा तलाव म्हणजे
थंडीत चालू राहून गेलेला कूलर आहे."

त्या रात्री झोप नाही आली.
डोळ्यापुढे पाणी उडत होतं.

आता हवा पाण्यापेक्षा एक अंश जास्त ठेवतो.
एकच.
कोरडी, ऊन हवा काचांच्या पायथ्याशी सोडतो,
ती काच चाटत वर जाते, काचेला घाम फुटत नाही.
काठालगतची, डोळे चुरचुरवणारी हवा
खालच्या खाली ओढून घेतो.
(क्लोरिनचा भपकारा म्हणजे स्वच्छता,
असं मी पोरांना सांगायचो. माफ करा, पोरांनो.)
जाणारी हवा येणाऱ्या हवेला
पातळ पत्र्याआडून ऊब देऊन जाते.
दोघी एकमेकींना शिवत नाहीत.
ढोमणे ड्यूटी सोडून जातो
आणि त्याची खुर्ची मला गरम मिळते, तसं.

रात्री दहाला रूळ फिरवतो,
निळं आच्छादन पाण्यावर सरकत जातं.
शेवटचा कोपरा झाकेपर्यंत
मी उगाच हळू बोलतो.

मागल्या जानेवारीत सेक्रेटरी भाकरे म्हणाले,
"पाणी गरम, समजलं. हवा कशाले गरम पाहिजे?
कमी करा. पंखेही बंद करा. बिल वाचवा."
केलं. सही घेतली वहीत.
तिसऱ्या दिवशी काचांवर ओघळ,
छतावर पुन्हा थेंब,
आणि पाणी भराभर उडून
हीटरच्या मागे लागलेलं.
बिल आलं तेव्हा भाकरे
बराच वेळ चष्मा पुसत होते.
मी वही पुढं केली नाही.

पहाटे साडेपाचला पौनीकरांची रेवा
पाण्याबाहेर येते, ओली, उघड्या दंडांनी,
काठावर उभी राहून कोचशी हुज्जत घालते,
तिची लॅप मोजायची राहिली म्हणून.
चांगली चार मिनिटं.
टॉवेल खांद्यावर नुसता लटकलेला.
मी पॅनेलवरचा आकडा पाहतो: एकोणतीस.
पुन्हा तिच्याकडे.

सहाला सुटी. सायकलीवर कानटोपी,
दूर कोराडीच्या धुराड्यांचा धूर
उजेडात गुलाबी होऊन राहिलेला,
आणि माझ्याही तोंडातून वाफ,
जिचा हिशोब कुठल्याच वहीत नाही.

घरी आंघोळीचं पाणी काढलेलं.
मी बादलीवर ताट झाकतो
आणि चहा घ्यायला बसतो.
बायको चुलीजवळून बघते.
"काय करून राहिले हे?"
म्हटलं, "उडून राहिलं न, बाप्पा."