सात रिंगा

या जागेसाठी मीही अर्ज केला होता,
ते आधी सांगून टाकतो.
अकरा वर्षं नोकरी, तीन महिने प्रभारी.
खामल्यातलं हे तळमजल्याचं ऑफिस
मला झाडूसकट पाठ होतं:
कुलूप कुठल्या बाजूला दाबून फिरवायचं,
तबल्यांना उंदीर कुठून लागतात,
अनुदानाची फाईल कोणाच्या टेबलावर झोपते.
शिवाय माझा आवाज चांगला. सगळे म्हणायचे.

यामिनी खोब्रागडे आली मे महिन्यात,
शेहेचाळीस अंशात,
व्हॅनच्या फळीवरून स्वतःची खुर्ची स्वतः ढकलत.
त्यामुळे संचालकांची खुर्ची,
ती काळी, फिरती, उंच पाठीची,
जिच्यावर मी नव्वद दिवस
जरा पुढे सरकूनच बसलो होतो,
रिकामी राहिली.
तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, भोजराजला देऊन टाका.
आता भोजराज गेटपाशी तिच्यात बसतो
आणि आल्यागेल्याला
पाव गिरकी घेऊन सलाम ठोकतो.

विश्वस्तांची बैठक वरच्या मजल्यावर व्हायची.
एकोणीस पायऱ्या.
दोघं मिळून उचलून नेऊ, गायधने साहेब म्हणाले,
काही वाटून घेऊ नका.
"मी वर नाही येऊन राहिली," ती म्हणाली,
"बैठकच खाली येऊन राहिली."
आणि आली. इतिवृत्ताची वही, आलुबोंडे,
सर्वांत शेवटी
गायधने साहेबांचे गुडघे, कठडा धरून.

फोनचं मात्र मला पटलं नाही.
फोन इरफाना उचलेल, असं ठरलं.
इरफानाच्या तोंडून शब्द येतो
तो अरुंद जिन्यावरून कपाट उतरवावं तसा,
थांबत, कोपरे सांभाळत.
'नमस्कार' संपेपर्यंत लोक ठेवून देतात.
जूनमध्ये मी मोजले. एकवीस.
त्यात एक सिमेंटवाले होते, देणगीचे.
कागद घेऊन गेलो. तिनं दोनदा वाचला.
"एकवीस लोकांना ऐकता येत नाही," म्हणाली,
"याच्यात इरफानाचं काय चुकलं?"

मला राग आला.
त्या महिन्यात पगार बारा तारखेला झाले.
तिचा झालाच नाही,
हे मला वहीत दिसलं, तिनं सांगितलं नव्हतं.
राग तरीही होताच.

ती काही देवी नाही.
हिमांशू नाच बसवतो, त्याला ऐकू येत नाही;
त्याच्याकडे पाठ करून ती एकदा
पंधरा मिनिटं बोलत राहिली.
त्यानं टेबलावर मूठ आपटली.
सगळ्यांचा चहा बशीत.
तिनं खुर्ची वळवली, त्याच्यासमोर कान धरले.
तो हसला नाही.
सोमवारपासून खुणांचा वर्ग सुरू झाला, सर्वांना,
विश्वस्तांनाही, मलाही.
माझी बोटं जाड.
मी 'सोमवार' म्हणतो तेव्हा
हिमांशूला काहीतरी भलतंच दिसतं,
आणि तो तालमीतल्या पोरांना बोलावून दाखवतो.

काल दुपारी फोन वाजला.
इरफाना आत, तालमीच्या खोलीत.
फोन माझ्या टेबलावर, हाताच्या अंतरावर.
दुसऱ्या रिंगला हात आपोआप गेला.
तिसऱ्या रिंगला मी तो मांडीखाली घेतला,
शाळेत घ्यायचो तसा.
चौथी. पाचवी.
फरशीवर वॉकर, टक्,
मग पाय ओढल्याचा आवाज, मग टक्.
केबिनच्या दारातून यामिनी बघत होती,
फोनकडे नाही, माझ्याकडे.
सहावी.
सातव्याला तिनं उचलला.
न, ती म्हणाली.
म.
बाहेर कूलरचं पाणी ठिबकत होतं.
स्का
आणि मग बराच वेळ
र.

पलीकडे कोणीतरी होतं.
अजून होतं.