पाठ करून

पहाटे साडेचार. पामबीच रोड,
करावे गावाच्या जरा अलीकडे.
मी मार्केटला निघालेले, मेथी आणि फ्लॉवर आणायला,
डिकीत गोणपाट, पायाशी घडी केलेल्या दोन पिशव्या.
स्कूटरच्या उजेडात आधी वाटलं, कुणाची शाल पडलीय.
मग शालीने डोकं उचललं.

कोल्हा.
खाडीकडच्या तिवरांतून आला असणार.
पलीकडे जायचं असेल. पलीकडे काय होतं त्याचं, देव जाणे,
टॉवर, टॉवरच्या मागे टॉवर.
मागचा एक पाय आता त्याचं ऐकत नव्हता.

गाडी आडवी लावली, इंडिकेटर चालू ठेवला,
आणि हात आपोआप बाटलीकडे गेला.
आमची आई म्हणायची, दाराशी आलेल्याला
आधी पाणी, मग नाव.
सासऱ्यांना शेवटचे सहा महिने मीच चमच्याने पाजलं.
मला दुसरं येतच नाही काही.
कुणी विव्हळलं की मी पाणी घेऊन धावते.

फोनवरची मुलगी झोपेतून उठलेली, पण शब्द टक्क जागे:
पाणी देऊ नका, श्वासनळीत जाईल.
खायला नको. हात नको, फडकं गुंडाळूनही नको.
चावेल, आणि चावला तर दोष त्याचा नाही.
लांब उभ्या राहा. बोलू नका त्याच्याशी.
गोड बोलले तरी?
गोड बोललात तरी.
तुमचा आवाज म्हणजे त्याला फक्त माणूस.

ऐकून मी जरा दुखावले, खरं सांगते.

दुधाचा टेम्पो थांबला. मुस्तकीम उतरला तोच मोबाइल उगारून.
म्हटलं, भाऊ, झोत डोळ्यांत जातोय त्याच्या,
त्यापेक्षा टेम्पो तिरका लाव, गाड्या वळतील तरी.
लावला त्याने. फोटो राहिला.
मग खांद्यावर पाग टाकून हिराजीकाका आले,
ओहोटी गाठायची होती त्यांना, तरी थांबले.
"कोला हाय यो, आमचे खारीतला.
तोंडात थोरं पानी तरी सोर गो बाय.
मरनाऱ्याला पानी नाय देत तू?"

"मरणारा नाहीये तो," मी म्हटलं, "म्हणून."
कुठून आणला हा ठामपणा, मला ठाऊक नाही.
पोटात नुसता गोळा होता.

मग आम्ही तिघं पाठ करून उभे राहिलो.
तेवढंच हातात होतं: त्याच्यात आणि रस्त्यात
आपली अंगं ठेवायची, आणि डोळे दुसरीकडे.
मागे नखं डांबरावर घासायची, थांबायची.
थांबली की जास्त भीती वाटायची.
मुस्तकीम बिडी काढायचा, परत खिशात ठेवायचा.
समोर सव्विसाव्या मजल्यावर कुणीतरी
ट्रेडमिलवर धावत होतं, जागच्या जागी.

सव्वा तासाने पिंजरा आला, चादर आली.
चादरीखाली अंधार झाला तसा तो गप्प झाला, एकदम,
दिवा मालवल्यावर तान्हं पोर होतं तसा.
वनरक्षक गायकर गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत होते.
काय खायला घातलं?
काही नाही.
पाणी?
नाही.
"छान केलंत, ताई."
पन्नाशीला आले मी.
पाणी न दिल्याची शाबासकी
पहिल्यांदाच मिळाली, आणि ती कुठे ठेवावी कळेना.

मार्केटात तोवर मेथी संपली होती.
डब्यात दुधी गेला. शिरवणेच्या बँकेतल्या बाईंनी
तक्रार केलीच, त्या करतातच.
घरी ह्यांनी विचारलं, तासभर काय करत होतीस?
काही नाही, म्हटलं. उभी होते.

पायाचं काय झालं, अजून कळलं नाही.
फोन करावा की हेही लांबच राहू द्यावं,
रोज ठरवते.

बाटली डिकीत तशीच राहिली, गळ्यापर्यंत भरलेली.
दुपारी हाताला लागली तेव्हा
अंगासारखी गरम होती.