न वाजणारा बूट

नवापूरला, रंगावलीच्या काठी
जानेवारीत तीन रात्रींची सभा भरते.
मंडप सुरतेचा, जनरेटर विसरवाडीचा,
आजारी माणसं मात्र आमची, पाड्यापाड्यावरची,
टेम्पोतून, खाटेवरून,
कुणाच्या तरी पाठुंगळी आलेली.

मी नऊ वर्षांची होते.
डावा पाय शेवग्याच्या वाळल्या शेंगेसारखा,
त्यावर आईनं चढवलेला पांढरा मोजा,
खास त्या रात्रीसाठी घेतलेला.
ब्रदरांनी कपाळाला तेल लावलं.
भुईमुगाचं होतं, मला वास कळला.
म्हणाले, तबिथा, ऊठ.
नाव माझं, शब्द पेत्राचे,
मंडपभर श्वास रोखलेला.
मी उठले.
दोन पावलं टाकली. तिसरं जमिनीनं घेतलं.

टाळ्या दोन पावलांसाठी सुरू झालेल्या,
त्या कशा थांबवायच्या कुणाला कळेना.
मग माईकवरून विचारणा झाली,
या घरात कुणाचा विश्वास उणा आहे?

वाटेत आई एक शब्द बोलली नाही.
पुढं सोळा वर्षं शुक्रवार धरले तिनं.
माझ्या पायासाठी, असं मी समजायचे.
आता वाटतं, माईकवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर
ती स्वतःच होऊन बसली होती.
मी भाकरी नेऊन द्यायचे,
ती टोपल्याखाली झाकून ठेवायची.
मोजाही ठेवला होता, धुऊन, बायबलात घडी करून.
तिला मातीत ठेवल्यावर सापडला.

चमत्कार मी नाकारत नाही.
शिमोनकाका तीन दिवस बेशुद्ध होते,
मंडळी रात्रभर गुडघ्यांवर,
पहाटे त्यांनी चहा मागितला, साखर जास्त घाल म्हणाले.
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नुसत्याच हसल्या.
त्या रविवारी मी पेटी अशी वाजवली
की भात्याचा जुना चिरा आणखी फाटला.
आनंद खरा होता.
घरी येताना कॅलिपरचा खिळा घोट्याला चावत होता,
तोही खरा.

रविवारच्या शाळेत मी याकोबाची गोष्ट सांगते.
रात्रभर देवाशी झोंबला,
आशीर्वाद घेतल्याशिवाय सोडलं नाही,
आणि ऊन वर आल्यावर लंगडत निघाला.
पोरं माझ्या पायाकडे बघतात.
बघू देत.

धुळ्याला, पाचकंदिलाच्या मागच्या बोळात
दगा मिस्त्री कातडं आणि लोखंड जोडतो.
तोंडात सुपारी, नजर माझ्या पट्ट्यांवर.
म्हणाला, तुले काय जोयजे, बाई?

तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला
प्रभूनंही आधी विचारलंच होतं.
मला मात्र तोवर कुणी नाही.
मी म्हटलं, प्रार्थनेत वाजणार नाही असा बूट.
तो हसला नाही.
माप घेतलं त्यानं, दोन्ही पायांचं.

यंदाच्या सभेत अलीशा होता, सात वर्षांचा,
पाय कात्रीसारखे एकात एक अडकलेले.
पहिल्या रांगेत चार तास निजवलेला,
अंगावर नवा शर्ट, घडीच्या रेषा तशाच.
चारी बाजूंनी हात त्याच्यावर,
आणि डोळे मिटलेले सगळ्यांचे,
त्याचे सोडून.

मी पेटीवरून उठले.
भजन मधेच बोडकं पडलं.
खाली बसून त्याच्या कानाशी विचारलं,
तुला काय हवंय?

शू लागलीय, म्हणाला,
कधीची.

त्याच्या आईनं खांदे धरले, मी पाय.
मंडपाच्या मागे, जनरेटरच्या अंधारात,
निंबाला टेकवून आम्ही त्याला उभा केला.
पुढं हालेलुया चढत होता.
अलीशानं मान मागे टाकून सुस्कारा सोडला,
मोठ्या माणसासारखा.
मग माझ्या बुटाकडे बघून म्हणाला,
ह्याचा आवाज कसा येत नाही?